यात्रा उतारावरून आखावी

नांदगाव पेठ मागे टाकून मोर्शीच्या दिशेला लागलं की काळी सपाट जमीन सोबत येते. आधी कपाशी, तूर, सोयाबीन, आणि मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा मुलूख आहे आणि इथल्या माणसाचे पाय सपाटीवर घडलेले आहेत. नागपंचमीआधीच्या आठ-दहा दिवसांत याच वाटेनं पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत वऱ्हाडातल्या गाड्या भरभरून पचमढीला जातात. हजार मीटरपेक्षा उंच असलेल्या त्या पठारावर गाडी थांबते आणि नागद्वारीची पायवाट सुरू होते. हा सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा मुलूख. एरवी बंद असलेली ही वाट यात्रेपुरतीच उघडते. काजरी, पद्मशेष, स्वर्गद्वार अशी ठिकाणं घेत डोंगर चढायचे, दऱ्यांत उतरायचं आणि पुन्हा चढायचं. जवळच धूपगड उभा आहे, सुमारे १३५० मीटर उंचीचा, सातपुड्यातला सर्वांत उंच माथा. या प्रवासाबद्दल मला एकच गोष्ट मांडायची आहे. ज्यांचे टोंगळे दुखतात त्यांनी ही यात्रा चढावरून न आखता उतारावरून आखावी.

निघण्यापूर्वी आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, ‘चढणं जमेल का?’ चढताना दम लागतो, छाती धपापते, घाम येतो. शरीर स्वतःहून ‘थांब’ म्हणतं आणि माणूस थांबतोही. उतारावर दम लागत नाही. त्यामुळे काम हलकं झालं असं वाटतं, वेग वाढतो, आणि सगळा भार निमूटपणे गुडघ्यांवर जातो. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मोजणीचं यंत्र बसवलेल्या पाच जणांच्या गुडघ्यांवरचा भार प्रत्यक्ष मोजला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २६१ टक्के भार आला, पायऱ्या चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर पायरी उतरताना दर पावलाला दोनशे किलोंहून जास्त भार पडतो. भरल्या गाडीचं ओझं बैल उतारावर मानेनं मागे रेटून धरतात, तेच काम मांडीचे पुढचे स्नायू करतात: ताणले जात असतानाच भार अडवून धरतात. ते थकले की हिसका थेट सांध्याला बसतो. वाटीच्या मागे दुखणाऱ्यांना चढापेक्षा उताराचा त्रास जास्त होतो, त्याचं कारण हेच.

नागद्वारीच्या वाटेवर ही गोष्ट पावलापावलाला दिसते. पावसाचे दिवस, दगडावर शेवाळ, मुळांमधून वाहणारं पाणी, समोरून चढत येणारी गर्दी. घाबरलेला माणूस उतारावर मागे झुकतो, गुडघा ताठ करतो आणि टाच आपटतो. मागे झुकल्यानं पाय निसटतो आणि ताठ गुडघ्यातून धक्का वर जातो. नीट उतरणारा माणूस पाऊल लहान टाकतो, गुडघा किंचित वाकलेला ठेवतो, छाती पावलाच्या वर राखतो आणि पूर्ण तळवा टेकल्याशिवाय भार सोडत नाही. वाट रुंद असेल तिथे तो सरळ न उतरता नागमोडी उतरतो, त्यानं उताराची धार कमी होते. उंच दगडावरून उतरताना दुखरा पाय आधी खाली जातो. हे उलटं वाटतं, पण भार अडवण्याचं खरं काम वरच्या, वाकणाऱ्या पायाचं असतं. म्हणून चांगला पाय वर राहिला पाहिजे. चढताना याच्या बरोबर उलट, चांगला पाय आधी.

काठीबद्दल तर शंकाच ठेवू नये. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या संशोधकांनी १९९९मध्ये २५ अंशांच्या उतारावर दोन काठ्या घेऊन आणि काठ्यांविना चालणाऱ्यांची तुलना केली. काठ्यांमुळे गुडघ्यावरचे भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाले. हे माप एका पावलाचं आहे आणि डोंगर उतरताना अशी हजारो पावलं पडतात. मात्र काठी नुसती हातात बाळगून हा फायदा मिळत नाही. ती पावलाआधी खालच्या दगडावर टेकली पाहिजे आणि तिच्यावर खरोखर रेलता आलं पाहिजे. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. महागडी घडीची काठी हवीच असं नाही. कोपराच्या उंचीहून थोडा लांब, गाठी तासलेला, टोकाला रबराचं बूच बसवलेला बांबू पुरतो.

इथे पहिला आक्षेप येतो. देवाच्या वाटेवर काठ्या, पट्टे, मोजमापं कशाला? सत्तरीतल्या आज्या अनवाणी जाऊन येतात, त्यांना महादेव सांभाळतोच की. या श्रद्धेचा मला आदर आहे, पण या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. वाटेवर ज्या आज्या दिसतात त्या जाऊ शकलेल्या आज्या असतात. गेल्या वर्षी टोंगळे सुजल्यामुळे यंदा घरी राहिलेल्या आपल्याला दिसत नाहीत. शिवाय निंदण, वेचणी, उकिडवं बसणं यांत जन्म गेलेल्या बाईच्या मांड्यांत जो जोर असतो, तो खुर्चीवर बसून काम करणाऱ्या तिच्या मुलात नसतो. आणि तिची चाल नीट पाहिली तर ती लहान पावलांनी, बाजूच्या झाडाला, खडकाला, नातवाच्या खांद्याला हात लावतच उतरते. काठी श्रद्धेच्या आड येते म्हणावं, तर महाशिवरात्रीला याच पचमढीत चौरागडावर वऱ्हाडी भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, आणि गाडगेबाबांच्या हातातही काठी होतीच. त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. नांदगाव पेठच्या पुढे नागपूरच्या महामार्गावर ज्यांचं गुरुकुंज आहे, त्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला. आपल्या मातीतल्या भक्तीनं शरीराची हेळसांड कधी शिकवलेली नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरी शहाणपणाचा आहे: गुडघे दुखतात तर जायचंच कशाला? त्यात अर्धं सत्य आहे. ज्यांच्या गुडघ्याला सूज आहे, गुडघा अडकतो किंवा चालताना अचानक दगा देतो, त्यांनी ही वाट धरू नये. आधी तपासून घ्यावं. पण नुसत्या झिजेच्या दुखण्यात बसून राहणं हा उपाय नाही. मांडीचे स्नायू जेवढे बळकट, तेवढं सांध्याचं ओझं हलकं. म्हणूनच झिजेच्या संधिवातात व्यायाम हा उपचाराचा पाया मानतात. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठीही पचमढीत दर्शन आहे. बडा महादेवाच्या गुहेजवळ गाडी जाते. जटाशंकरला मात्र पायऱ्या आधी उतराव्या लागतात, तेव्हा तिथेही काठी हवी. निघताना वेदनाशामक गोळी घेऊन डोंगर उतरण्याचा मार्ग मात्र टाळावा. गोळी दुखणं झाकते, भार कमी करत नाही; शिवाय घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्यांचा मूत्रपिंडांना धोका असतो.

यात्रा उतारावरून आखायची तर सुरुवात घरीच होते. सपाट महामार्गावर रोज पाच किलोमीटर चालून दम वाढतो, पण उतार अडवण्याची ताकद त्यातून फारशी येत नाही. उतरण्याचा सराव उतरूनच होतो, आणि स्नायूंचा एक चांगला गुण इथे कामी येतो: एकदा बेताचा उतार उतरून मांड्या दुखल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं त्या कमी दुखतात. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधीपासून अमरावतीची मालटेकडी, किंवा घराचा जिना, हळूहळू उतरावा; जमेल तेव्हा चिखलदऱ्याचा एखादा उतार करून यावा. ज्या अमरावतीत १९१४पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे, तिथे बैठकीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. फक्त दुखऱ्या गुडघ्यांनी पूर्ण बैठक न मारता खुर्चीच्या उंचीपर्यंतच, सावकाश खाली जावं. पाठीवरचं ओझं निम्मं करावं. आणि प्रत्यक्ष वाटेवर परतीची वेळ चढतानाच ठरवावी: अंगातली निम्मी ताकद उरली असताना वळावं, म्हणजे अंधार आणि घाई दोन्ही टळतात.

हे सगळं एकेकट्यावर सोडूनही चालणार नाही. वाटेवर भंडारे लावणारी, चहा-पाणी देणारी विदर्भातली मंडळं यात्रेचा कणा आहेत. ती निगुतीनं जेवण देतात, तशीच उताराच्या माथ्यावर बांबूच्या काठ्यांची मोळी ठेवू शकतात, पायथ्याशी त्या परत घेऊ शकतात आणि चढणाऱ्याला पुढच्या उताराची कल्पना देऊ शकतात. दर्शन झालं की यात्रा झाली असं आपण मानतो आणि तिथेच चूक होते. माघारीची वाट हाही यात्रेचाच भाग आहे. तिच्यासाठी ताकद, वेळ आणि काठी राखून ठेवली, तर दुखऱ्या टोंगळ्यांच्या माणसालाही पुढच्या वर्षी पुन्हा येता येईल.