शंकूवरची लेन्स

केराटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा, हळूहळू पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. निरोगी कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, पण डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळवण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. त्यामुळे त्याचा घाट किंचित बिघडला तरी सगळे चित्र विस्कटते.

आजाराची चाहूल बहुधा किशोरवयात लागते. फळ्यावरच्या अक्षराला सावली दिसते, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटते. सिलिंडर नंबर पुन्हा पुन्हा बदलतो, नवा चष्माही मनासारखा बसत नाही आणि मूल अभ्यासाला टाळाटाळ करते असा घरच्यांचा समज होतो. हा समज त्या मुलावर अन्याय करणारा आहे. चष्म्याची काच नियमित वक्रतेचा दोष भरून काढते. इथे एकाच कॉर्नियावर चढ आणि उतार शेजारी शेजारी असतात, आणि चष्मा कितीही बदलला तरी ते त्याच्या आवाक्यात येत नाहीत.

डोळ्यावर बसणाऱ्या कडक कॉन्टॅक्ट लेन्सला हे जमते, आणि त्यात खरे काम अश्रू करतात. लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही; तिच्या आणि कॉर्नियाच्या मधली जागा अश्रूंनी भरून जाते. खड्ड्यांत पाणी साचून रस्ता एकसारखा दिसावा, तसेच काहीसे घडते. अश्रू आणि कॉर्निया प्रकाशाला जवळपास सारखेच वळवत असल्याने मधले उंचवटे प्रकाशाला फारसे जाणवत नाहीत, आणि लेन्सची गुळगुळीत बाजू हाच डोळ्याचा नवा पृष्ठभाग होतो. साधी मऊ लेन्स शंकूवर पसरून त्याचाच आकार घेते. म्हणून आजार वाढल्यावर तिचा फारसा उपयोग राहत नाही.

ही युक्ती जुनी आहे. १८८८ च्या सुमारास झ्युरिकमध्ये आडोल्फ फिक आणि पॅरिसमध्ये युजेन काल्ट यांनी काचेच्या वाट्या रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्या. काल्टचा रोख तर केराटोकोनसवरच होता. पण त्या जड वाट्या काही तासांपलीकडे सोसत नसत. १९४८ मध्ये अमेरिकेत केव्हिन टूही यांनी फक्त कॉर्नियावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची लेन्स आणली. तिच्यातून प्राणवायू जात नव्हता. ती उणीव पुढे प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्सने, म्हणजे आरजीपीने, दूर केली.

आरजीपी बसवणे हे चिकाटीचे काम आहे. डोळ्यात फ्लुरेसिनचा पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले की अश्रू साचलेली जागा हिरवी उजळते आणि लेन्स टेकते तिथे काळसर दिसते. शंकूच्या टोकावर लेन्स जोरात टेकत राहिली तर तिथे व्रण धरण्याची भीती असते. म्हणून लेन्स बदलून बदलून पाहावी लागते, आणि पहिल्या भेटीत जमले नाही म्हणून रुग्णाने खचू नये.

शंकू फार वाढला किंवा आरजीपी सोसेनाशी झाली, की मोठी स्क्लेरल लेन्स कामी येते. ती कॉर्नियाला शिवतच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. घालताना तिची वाटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरतात, टेबलावर ओणवे होऊन चेहरा जमिनीला समांतर धरतात, दोन्ही पापण्या ताणतात आणि लेन्स खालून वर आणतात. थोडे सलाईन गालावर सांडते. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुपारी कधी धुके जमल्यासारखे दिसते, तेव्हा लेन्स काढून नव्याने भरावी लागते.

पुढे कॉलेज, नोकरी, संसार या सगळ्यात ही लेन्स सोबत असते. दुचाकीवर धूळ नको म्हणून गॉगल लागतो आणि गावाला जाताना पिशवीत सलाईनची बाटली हवीच. नळाचे पाणी लेन्सला अजिबात लावायचे नाही. त्यातल्या अकँथअमीबासारख्या जंतूंमुळे दृष्टी जाऊ शकते. लग्न जुळवताना काही घरांत हा आजार लपवला जातो. त्यात लपवण्यासारखे काहीच नाही. बहुतेकांचा आजार तिशी-चाळिशीत स्थिरावतो, आणि चाळिशीनंतर इतरांसारखाच वाचायला साधा चष्मा लागला, तर तो लेन्सवरच लावावा लागतो.

लेन्स दृष्टी देते, पण आजार थांबवत नाही. तो वाढत असेल तर रायबोफ्लेव्हिन आणि अतिनील किरणांनी कॉर्निया घट्ट करणारे क्रॉस-लिंकिंग हा वेगळा उपचार आहे. मात्र चांगली बसलेली लेन्स अनेकांची कॉर्निया-रोपणाची वेळ टाळते, आणि रोपण झालेल्यांपैकीही अनेकांना स्पष्ट दिसण्यासाठी पुन्हा लेन्सच लागते.

ज्या मुलाचा सिलिंडर नंबर सारखा बदलतो, त्याची कॉर्नियल टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या घाटाचा नकाशा काढणारी तपासणी, एकदा करून घ्यावी. आणि डोळे खाजत असतील तर त्या खाजेवर औषध घ्यावे; चोळण्याने हा आजार वाढू शकतो, म्हणून डोळे कधीही चोळू देऊ नयेत.