दोषाचा माग

कोल्हापूर मागे टाकून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच वेळात कागलचा परिसर लागतो. ज्या कागलकर घाटगे घराण्यात १८७४ साली राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला, त्याच कागलच्या शेजारी आज पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील ओतशाळांत तापलेला लोहरस साच्यांत ओतून यंत्रांचे सुटे भाग घडविले जातात. एखादा भाग आतून पोकळ निघाला, तर जाणता कारागीर नशिबाला बोल लावीत नाही. वाळूत ओल अधिक होती काय, रस पुरेसा तापला होता काय, वायूला बाहेर पडण्यास वाट होती काय, असे एकेक कारण तो क्रमाने तपासतो.

परंतु हीच शिस्त कधी कधी घराच्या उंबऱ्याबाहेर राहते. अशाच एका कारागिराची मुलगी संध्याकाळी संगणकापुढे अभ्यासाला बसली होती. पडद्यावरील शिक्षकांचे चित्र मध्येच थिजे, शब्द अर्ध्यावर तुटत. इंटरनेटचा वेग मोजला, तर दोनशे मेगाबिटांचे पैसे भरूनही तो शंभराच्या वर जाईना. आई म्हणाली, “अहो, नेटवाल्यांना फोन करा.” वडिलांना वाटले, अधिक पैशांची योजना घ्यावी. थोरला भाऊ तर बहिणीवरच घसरला, “तूच काहीतरी बिघडवलं असशील!” मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. दारामागून गेलेल्या केबलकडे मात्र कोणीही पाहिले नव्हते.

या केबलची रचना मोठी मौजेची असते. तिच्यात आठ बारीक तारा असतात. दोन-दोन तारांना पीळ घालून त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. पीळ घालण्याची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ साली टेलिफोनसाठी योजिली. शेजारच्या विजेचा उपद्रव पिळातल्या दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच होतो. पलीकडचे यंत्र त्या दोन तारांमधला फरक तेवढा वाचते; म्हणून तो उपद्रव आपोआप वजा होतो. शंभर मेगाबिटांच्या वेगाला दोन जोड्या पुरतात. हजाराच्या वेगाला मात्र चारही लागतात. बाकीच्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, तर दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा उरलेल्या तारांवर भागवितात आणि हजारावरून शंभरावर उतरतात. काम पुरते थांबत नाही, म्हणूनच दोष लपून राहतो. पाट कितीही रुंद असला, तरी वाटेतली मोरी अरुंद असेल, तर मळ्याला तेवढेच पाणी मिळते.

शेवटी वडिलांना ओतशाळेतली रीत आठवली. त्यांनी दुसरी, चांगली केबल आणून संगणक राउटरला जोडला. बाकी सारे होते तसेच ठेवले. वेग दोनशेच्या घरात गेला. मग जुनी केबल हाताने चाचपत नेली, तेव्हा दाराच्या फटीत ती चेपलेली आढळली. एक तार तुटली होती. काही सैल झाल्यामुळे माहितीची पुडकी वाटेत खराब होत होती. चालू पाठात ती पुन्हा मागविण्यास सवड नसते; म्हणून शब्द तुटत होते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे या तपासाचे मर्म आहे. केबल, राउटर आणि संगणक एकदम बदलले, तर दोष जाईलही. पण तो कोठे होता, हे कधीच कळणार नाही. मापही नीट ओळखावे लागते. आठ बिट मिळून एक बाइट होते. म्हणून शंभर मेगाबिटांच्या वेगाने सेकंदाला साडेबारा मेगाबाइटांहून अधिक माहिती येऊ शकत नाही. तो दोष नव्हे, हिशेब आहे.

नव्या केबलला थोडकेच पैसे पडले. भावाने बोललेल्या शब्दांची भरपाई मात्र पैशांनी होणारी नव्हती. ती त्याने बहिणीची क्षमा मागून केली. दोष दूरच्यांकडे असेल, तर तक्रार अवश्य करावी. पण ती मोजमाप हाती घेऊन करावी. तपासाआधी केलेला आरोप बहुधा जवळच्या आणि दुबळ्या माणसावर जाऊन पडतो. तपासानंतरचा आरोप योग्य दारी पोहोचतो.