समर्थांच्या गावाला चिनी भेट

वडीलधाऱ्या माणसाला भेट काय द्यावी, हा प्रश्न लग्नाच्या आहेराहूनही अवघड आहे. मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे आमंत्रण आले आणि आमच्या घरात चार दिवस त्यावर परिषद भरली. शाल द्यावी, तर त्यांच्या ट्रंकेत डझनभर शाली डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात पडून आहेत. घड्याळ द्यावे, तर व्यापारानिमित्त चीनला जाऊन-येऊन असणारा आमचा पुतण्या म्हणाला, “काका, तिकडे म्हाताऱ्यांना घड्याळ कोणी देत नाही. ‘घड्याळ देणे’ आणि ‘अखेरच्या घटकेला सोबत करणे’ यांचा त्यांच्या भाषेत उच्चार एकच!” झाले, घड्याळ तिथेच बंद पडले.

मग मला रामनवमीला पाहिलेले दृश्य आठवले.

मामा शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर शहर सोडून ते आपल्या मूळ गावी, जांबला जाऊन राहिले. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले हे गाव. दोन्ही बाजूंना काळी जमीन, चैत्रात भेगाळलेली, आणि तिच्यावरून सुटलेला मोकाट वारा. समर्थ रामदास १६०८ साली रामनवमीला इथेच जन्मले, म्हणून हे जांब समर्थ. बारा वर्षांचा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून पळाला तो जवळच्याच आसनगावाहून, असे सांगतात. रामनवमीला मंदिरात गर्दी उसळते. त्या गर्दीत मामांनी हळूच सांगितले, “२०२२ च्या ऑगस्टात इथल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी हुडकून काढल्या; पण तोवर गावाला अन्न गोड लागलं नाही, बघ.”

घरी आलो तर मामांचे कागद अंगणभर उडालेले! मामांनी दासबोध स्वहस्ते लिहून काढण्याचा नेम धरला आहे. वीस दशक, दोनशे समास. अडकित्ता, खलबत्त्यातला बत्ता, पाण्याचा तांब्या, असे सारे घर त्यांनी कागदांवर पहाऱ्याला बसवले होते. तांब्या लवंडून एक समास पुन्हा लिहावा लागला होता. मी पूर्वी दिलेले काचेचे गोल पेपरवेटही होते. “दिसतं छान,” मामा म्हणाले, “पण पाहून लिहायची ओळ नेमकी त्याच्याखाली जाते!”

ही हकिकत ऐकून पुतण्या म्हणाला, “मग चिनी वजन द्या.”

त्याने सांगितले ते मोठे गमतीचे होते. दोन हजार वर्षांपूर्वी, हान राजांच्या काळात, चिनी लोक आपल्यासारखेच जमिनीवर चटई टाकून बसत. तिचे कोपरे दुमडू नयेत म्हणून त्यांवर काशाची वजने ठेवीत. वाघ, हरिण, अस्वल अशा आकारांची. पुढे लिहिण्याच्या मेजावर कागदासाठीही वजने आली. चिनी सुलेखनाचा कागद मऊ आणि शाई पिणारा, कुंचला उभा धरायचा, मनगट अधांतरी. कागद तसूभर सरकला की अक्षर बिघडले. म्हणून तिथे गोळ्याऐवजी लांब पट्टी वापरतात. तिचे नाव ‘झेन-ची’: ‘झेन’ म्हणजे दाबून स्थिर करणे, ‘ची’ म्हणजे मोजपट्टी. बहुधा जोडीने येते. पितळेची, दगडाची, बांबूची, जड लाकडाची. त्यांतले सर्वांत मानाचे लाकूड रक्तचंदनाच्या जातीचे, आणि रक्तचंदन तर आपल्या आंध्रच्या डोंगरांतले! मात्र त्याच्या व्यापारावर आज कडक निर्बंध आहेत, तेव्हा त्या वाटेला न गेलेले बरे.

मी मुंबईला जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काशाचा एक सिंह पुढे ठेवला. “चिनी, साहेब. दोनशे वर्षांचा.” सिंह खरोखरच देखणा होता. मी पाकिटाला हात घालणार, तोच सौभाग्यवतींनी विचारले, “हा आला कुठून? कागदपत्र काही?” दुकानदार हसला, उत्तर मात्र आले नाही. शंभर वर्षांवरील अशा वस्तू विकायला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो, हे मला ठाऊक होते. पण मोह वाईट! हिने एवढेच म्हटले, “जांबच्या मूर्तीही अशाच कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसल्या असत्या.” मी निमूटपणे पाकीट खिशात घातले.

शेवटी पुतण्याकडूनच पितळेची नवी, साधी जोडी मागवली. घेताना काय पाहायचे तेही तो शिकवून गेला. बूड सपाट हवे; काचेवर ठेवून डुलते का पाहावे. कडा गुळगुळीत हव्यात, नाहीतर कागद फाटतो. जोडीतल्या दोन्ही पट्ट्या सारख्याच वजनाच्या हव्यात. अक्षरे कोरलेली असली तर अर्थ विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ‘जेड’ म्हणून पुष्कळदा नरम शंखजिरे गळ्यात मारतात. नखाने ओरखडा उठला तर समजावे, की फसलो.

सहस्रचंद्रदर्शनाच्या संध्याकाळी मामांनी पट्ट्या हातात तोलल्या आणि लिहिता कागद पुढे ओढला. एक डाव्या समासावर ठेवली, एक उजव्या. एकही अक्षर झाकले गेले नाही.

“समर्थांनी लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय,” मामा म्हणाले. “एकोणिसाव्या दशकातला पहिलाच. कागदाच्या भोवती जागा सोडा म्हणतात. कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. तुझ्या चिन्यांनी त्या सोडलेल्या जागेचा उपयोग काढला, बघ!”

मी त्यांची लिहिलेली पाने चाळली. पहिल्या दशकातले अक्षर मोत्यासारखे बारीक होते. पुढे ते वाढत गेलेले; चौदाव्यात तर हरभऱ्याएवढे. मी काही बोललो नाही, पण मामांनी ओळखले. “त्याच समासात तेही आहे रे. तरुण डोळ्यांचं बारीक अक्षर म्हातारपणी कामाला येत नाही.”

बाहेर वारा सुटला. दाराचा पडदा फडफडला, दिव्याची ज्योत वाकली. कागद मात्र जागचा हलला नाही.

“वाऱ्याची काळजी मिटली,” मामांनी टाक दौतीत बुडवला. “आता सहा दशक राहिले. ते माझ्याकडे लागले.”