मिठागर आणि करारनामा

रात्रीचे साडेदहा. करारनामा टेबलावर, पेन त्याच्यावर आडवं. सही आज केली नाही.

पहिल्या पानावर मी स्वतंत्र व्यावसायिक आहे: व्यावसायिक शुल्कावर 10 टक्के टीडीएस, पीएफ नाही, रजा नाही. चौथ्या पानावर मात्र दहा ते सहा हजेरी, सुट्टीसाठी परवानगी, दुसरं काम घ्यायला बंदी. मग मी नक्की कोण? कापलेला कर विवरणपत्र भरताना वळता होतो, त्याची धास्ती नाही. पण हाच पैसा पगार म्हणून आला असता, तर कर पगारावरचा म्हणून कापला गेला असता आणि पीएफचं विचारता तरी आलं असतं.

मनात ध्रांगध्राच्या मिठागराचा जुना खटला येतो. तिथले अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे, मणामागे पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसं लावत. तरी 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानलं, कारण काम कसं व्हावं यावर मालकाची देखरेख होती. पांढऱ्या वाफ्यांत वाकलेली ती माणसं आज डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

विचारायला संकोच वाटतो. काम हातचं जाईल ही भीती खरी आहे. बाबांनी उभा जन्म एकाच हजेरीपटावर सही केली. त्यांना ही भीती कधी वाटली असेल का, कुणास ठाऊक.

सकाळी फोन करून एवढंच विचारणार आहे: चौथं पान काढता, की पहिलं बदलता? तोवर सही नाही.