कशावर काय उभं आहे

१ जुलै २०२५, मंगळवार

बँकेच्या आयटी विभागात आज नवा मुलगा रुजू झाला. इंजिनिअरिंग नुकतंच संपलेलं, चुणचुणीत आहे. आल्या आल्या विचारलं, "सर, आपलं कोअर बँकिंग कुठल्या डेटाबेसवर आहे?" म्हटलं, ते संध्याकाळी पाहू, आधी खाली चल.

तळमजल्यावरच्या वीजपॅनलपाशी नेलं. महावितरणची केबल कुठून आत येते, वीज गेली की चेंजओव्हर कसा होतो, जनरेटर भार घेईपर्यंत मधली सेकंदं कोण पेलतं, हे बघत बघत जिना चढलो. यूपीएसच्या खोलीत बराच वेळ थांबलो. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य तापमानावर ठरतं. पंचवीस अंशांना जेवढी टिकेल, त्याच्या साधारण निम्मीच ती पस्तीस अंशांना टिकते. त्या खोलीतला एसी बंद पडला तर त्या दिवशी कुणालाच काही जाणवत नाही. जाणवतं ते वर्षभराने, ऐन गर्दीच्या दुपारी वीज गेल्यावर, अर्ध्या तासाचा बॅकअप दहा मिनिटांत संपतो तेव्हा. मग अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज त्याला स्वतः मोजायला लावलं. सर्व्हरच्या रॅकपर्यंत पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती.

कॉलेजात ही मुलं वरून खाली शिकतात: आधी प्रोग्राम, मग डेटाबेस, जमलंच तर नेटवर्क. संस्थेत खालून वर शिकावं लागतं. त्याला एक मोठा कागद दिला आणि सांगितलं, बँकेतल्या प्रत्येक गोष्टीखाली ती कशावर उभी आहे ते लिही. पासबुक छापणाऱ्या प्रिंटरपासून सुरू कर आणि जिथे पुढे विचारण्यासारखं काही उरत नाही तिथे थांब.

३ जुलै, गुरुवार

साडेअकराच्या सुमारास मुख्य कार्यालयाच्या दोन्ही लीज लाइन एकदम गेल्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळी बिलं, दोन वेगळे करार. शाखा फोर-जीच्या राखीव जोडणीवर गेल्या, पण ती तुटपुंजी. मार्केट यार्डाच्या शाखेत हळदीच्या व्यापाऱ्यांचे आरटीजीएस अडकले. समोरचा पैसे जमा झाल्याशिवाय गाडी सोडत नाही आणि हमाल तिष्ठत बसतात. शाखाधिकारी मॅडमचा तासाभरात चार वेळा फोन. त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढायलाच हवा होता.

कारण संध्याकाळी कळलं. चौकापुढे पाइप टाकण्यासाठी खणणाऱ्या जेसीबीने केबल तोडली. दोन कंपन्यांची केबल एकाच जागी कशी तुटली, हे विचारत मी जोडणीवाल्या मुलांबरोबर खड्ड्यापर्यंत गेलो. एका कंपनीने आमच्या इमारतीपर्यंतचा शेवटचा टप्पा दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला आहे. म्हणजे आमच्या दोन लाइन पलीकडच्या चौकापर्यंत वेगळ्या, आणि तिथून आमच्या भिंतीपर्यंत एकाच नळीत. करारात "दोन स्वतंत्र जोडण्या" असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ऑडिटमध्येही दर वर्षी त्या ओळीपुढे बरोबरची खूण.

मला या क्षेत्रात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. पर्याय किती आहेत हे मोजून भागत नाही, ते खाली जाऊन कुठे एकत्र मिळतात ते शोधावं लागतं. दोन यूपीएस एकाच पॅनलवर, दोन सर्व्हर एकाच स्विचवर, दोन बॅकअप एकाच कपाटात. प्रत्येक ठिकाणी आकडा दोन आणि आधार एक.

मुलाने कागदावर दोन्ही लाइनखाली एकच चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, "चौक ते इमारत, नळी". बरोबर जागी लिहिलं.

६ जुलै, रविवार

आषाढी. घरी उपवासाचं, तरी रात्री अकराला डे-एंडसाठी, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करायला, यावं लागलं, सोबत सर्व्हरचे पॅच होते. पूर्वी बँक बंद झाली की यंत्रणा आमच्या ताब्यात येई. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि वर्षभराने, १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास झालं. यूपीआयला तर मध्यरात्र ठाऊकच नाही. ग्राहकाच्या दृष्टीने चांगलंच झालं, रात्री दवाखान्यात पैसे भरायचे असतील त्याला विचारावं. पण दुरुस्तीची हक्काची रात्र संपली. आता एक सर्व्हर काम करत असताना दुसऱ्याला पॅच लावायचा, मग भार पलीकडे सरकवून पहिल्याला. म्हणून सगळं जोडीने हवं. संचालकांना ती उधळपट्टी वाटते. परवा बैठक आहे.

८ जुलै, मंगळवार

आयटी समितीची बैठक. विषय: जनरेटर आणि वीजपॅनल वर हलवणं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर आपल्या बँकेने सर्व्हर रूम तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेली. तेव्हा नदीवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. यंत्रं वर गेली, पण त्यांना वीज देणारं पॅनल, जनरेटर आणि डिझेलची टाकी आहेत तिथेच, खाली. कागदोपत्री आपण पुरापासून सुरक्षित. प्रत्यक्षात पाणी पॅनलला लागलं की वरचे कोरडे ठणठणीत सर्व्हर बॅटरीवर काही मिनिटं जगणार.

एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलं, "असं कुठं झालंय का हो?" त्यांना न्यूयॉर्कची हकीकत सांगितली. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला शिरलं. ७५, ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत एका डेटा सेंटरचा जनरेटर उंचावर, सुरक्षित होता. त्याला डिझेल चढवणारा पंप मात्र तळघरात होता आणि तो बुडाला. मग कर्मचाऱ्यांनी आणि तिथे सर्व्हर असलेल्या कंपन्यांच्या माणसांनी हातोहात डिझेलच्या बादल्या सतरा मजले चढवल्या, रात्रंदिवस, आणि यंत्रणा चालू ठेवली.

दुसरी स्ट्रासबर्गची. १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीच्या आवारात आग लागली आणि डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळून गेली. काही ग्राहकांचा मूळ डेटाही तिथला आणि बॅकअपही त्याच आवारातला. दोन्ही गेले. क्लाउडवर ठेवलं म्हणून काळजी मिटली असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे नीट वाचावं. क्लाउडलाही पत्ता असतो, वीज लागते, आणि ते पेटूही शकतं.

खर्च मंजूर झाला, पण दोन टप्प्यांत: आधी पॅनल आणि पंप, जनरेटर पुढच्या आर्थिक वर्षात. पॅनल या पावसाळ्यात वर जाणार नाही, दिवाळीपर्यंत जाईल. मला ते पुरेसं वाटत नाही आणि इतिवृत्तात तसं नोंदवायला सांगितलं.

९ जुलै, बुधवार

मुलाने विचारलं, एटीएम, शाखांचे संगणक, सीसीटीव्ही हे वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये का तोडून ठेवलेत, एकच जाळं सोपं पडलं असतं. त्याला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा हल्ला वाचायला दिला. एटीएममधून येणारी विनंती आधी स्विचकडे, म्हणजे व्यवहार पुढे पाठवणाऱ्या प्रणालीकडे, जाते, स्विच ती कोअर बँकिंगला विचारतो: खात्यात पैसे आहेत का? हल्लेखोरांनी मध्ये बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर "द्या" म्हणू लागला. खऱ्या खात्यांना कुणी विचारलंच नाही. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून रक्कम निघाली, १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी. मिळून ९४ कोटींच्या वर. हिशेबाची प्रणाली शाबूत असूनही तिच्यापर्यंत जाणारी वाट पळवता येते. म्हणून भिंती, म्हणून प्रत्येक भिंतीत मोजकी दारं.

१२ जुलै, दुसरा शनिवार

डीआर ड्रिल. मुख्य कार्यालय संपलं असं धरून दुसऱ्या शहरातल्या राखीव केंद्रावरून बँक चालवायची.

सकाळी सातला डे-एंड पूर्ण असल्याची खात्री करून इथला डेटाबेस थांबवला. राखीव केंद्रात व्यवहारांच्या नोंदी सतत पोचत असतात. शेवटची नोंद जुळते का, ते दोघांनी दोन बाजूंनी वाचून पाहिलं. जुळली. तिथला डेटाबेस मुख्य झाला, शाखांचे राऊटर तिकडे वळवले, आणि आठ वाजायच्या आत यार्ड शाखेत पहिलं लॉगिन झालं. इथवर उत्तम.

मग एटीएम. एकही चालेना. आमच्या बाजूने सगळं ठीक. पलीकडच्या स्विचच्या फायरवॉलला आमच्या राखीव केंद्राचा पत्ताच माहीत नव्हता, त्यामुळे तो दार उघडेना. तो पत्ता घालून घ्यायला सव्वा तास गेला, तेही सुट्टीच्या दिवशी माणूस फोनवर सापडला म्हणून.

त्याहून मोठी गोष्ट दहाच्या पुढे निघाली. चाचणीचा चेक पास करायला घेतला तर पडद्यावर खातेदाराची सही येईना. सह्यांची चित्रं एका जुन्या, वेगळ्या सर्व्हरवर आहेत आणि तो राखीव केंद्राकडे पाठवायच्या यादीत कधी आलाच नाही. डिस्क रेड पद्धतीने जोडलेल्या आहेत, एक गेली तर दुसरी सांभाळून घेते, म्हणून तो सुरक्षित धरला गेला. पण रेड फक्त डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. आग, पूर, चुकून पुसलेली फाइल यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही; पुसलेलं ते सगळीकडून इमानेइतबारे पुसतं. सही नाही तर चेक नाही, आणि चेक नाही तर यार्डातली निम्मी उलाढाल नाही.

मुलाने आपला कागद आणला. चेकखाली सही, सहीखाली तो जुना सर्व्हर, आणि त्याखाली त्याने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, गेल्या शुक्रवारीच. मला विचारायचं राहून गेलं, म्हणाला. त्याला सांगितलं, यापुढे प्रश्नचिन्ह काढलंस की त्याच दिवशी माझ्या टेबलावर.

संध्याकाळी साडेसहाला यंत्रणा परत मुख्य कार्यालयात आणली. परत येणं जाण्यापेक्षा अवघड, कारण दिवसभरात तिकडे झालेल्या नोंदी इकडे पूर्ण उतरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

१४ जुलै, सोमवार

ड्रिलचा अहवाल दिला. "यशस्वी" हा शिक्का मी मारला नाही, सीईओ साहेबांना कारणं सांगितली, त्यांनी मान्य केलं. सह्यांच्या सर्व्हरची पहिली प्रत रात्री राखीव केंद्रात जाईल. लीज लाइनच्या दोन्ही कंपन्यांना पत्र गेलं: केबलचा प्रत्यक्ष मार्ग नकाशावर काढून द्या, आणि एक जोडणी इमारतीच्या मागच्या गल्लीतून आणा.

एक गोष्ट अहवालात शेवटी घातली. शनिवारी सगळे आदेश व्हेंडरच्या इंजिनिअरने दिले आणि आम्ही पाहत होतो. पूर आला, रस्ते बंद झाले, तर तो येणार नाही. जानेवारीचं ड्रिल आपल्या माणसांनी, लिहिलेल्या पानांवरून करायचं. ती पानं मुलगा आणि मी मिळून लिहितोय. आज डेटाबेस थांबवण्यापर्यंत आलो.