होल्स्टरचं अस्तर

लॅबमधल्या एका सहकाऱ्याला रिव्हॉल्व्हरसाठी चामड्याचं होल्स्टर शिवून हवंय. घाबरू नका मंडळी, गडी नेमबाजीच्या क्लबात जातो. १९९६च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर इथले बंदुकीचे कायदे फार कडक झाले. रिव्हॉल्व्हर एरवी कुलुपबंद तिजोरीतच असतं.

त्याची अट एकच: आतून मऊ स्वेड हवं. बहुतेकांना असंच वाटतं. पण स्वेड म्हणजे लव असलेलं चामडं. इथली बारीक धूळ त्या लवेत अडकते आणि मग हत्यार आत-बाहेर करताना तेच मऊ अस्तर पॉलिश पेपरचं काम करतं. शिवाय ते ओल धरतं. क्रोमने कमावलेलं चामडं असेल, तर त्यातले क्षार ओल लागली की पोलादाला गंज आणतात. म्हणून अस्तर गुळगुळीत आणि झाडाच्या सालीने कमावलेलं हवं. तरीही हत्यार त्यात ठेवून विसरायचं नाहीच.

मी निवडलं कांगारूचं. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर असतात. त्यामुळे तासून एक मिलिमीटर केलं तरी ताकद टिकते. इथले चाबूक उगाच त्याचे विणत नाहीत.

थोडं गणितही आहे. बाहेरचं चामडं ३ मिमी, अस्तर १ मिमी. दोन्हींच्या मध्यरेषांत अंतर २ मिमी. १८० अंशांत दुमडलं की लांबीत π गुणिले २, म्हणजे सहा मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. सपाट चिकटवून मग दुमडलं तर अस्तराला सुरकुत्या ठरलेल्या. म्हणून वाकवतच चिकटवायचं.

सालीवरून आठवलं. गोल्डन वॉटल हे ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल, आणि त्या झाडाच्या सालीत भरपूर टॅनिन. ही आपल्या बाभळीची चुलत बहीण! दोघी पूर्वी 'अकेशिया'च होत्या. २००५च्या व्हिएन्ना परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियाकडे राहिलं आणि बाभूळ 'व्हॅकेलिया' झाली. क्वीन्सलँडमध्ये तर ती माजलेलं तण म्हणून बदनाम आहे.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. कुठलं चामडं पाणी सोसेल, कुठलं पायाला चावेल, हे ढोर आणि चर्मकार समाजातल्या माणसांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. त्या ज्ञानाच्या बदल्यात आपण त्यांना गावाबाहेर ठेवलं. २०१९मध्ये कोल्हापुरीला जीआय मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण मी इथे शनिवार-रविवारी चामडं शिवतो तेव्हा लोक त्याला छंद म्हणतात, कौतुक करतात. हेच काम तिकडे पोटासाठी करणाऱ्याला आजही आधी आडनाव विचारतात. पीएचडीत मटेरियल्स शिकलो खरा, पण हा विषय आपल्याकडे फार आधीपासून होता. फक्त त्या शिक्षकांना आपण कधी 'सर' म्हटलं नाही.