नॉरफेअरचं उधाण

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. व्हिडिओ गेम! हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी घेऊन बी.ए. केलेल्या बाईने यावर लिहावं हे मलाही थोडं विचित्र वाटतंय. पण गेले पंधरा दिवस घरात दुसरं काही चाललेलंच नाही. धाकटी नात पुण्याहून सुट्टीला आली ती टीव्हीला जोडायचं यंत्र पिशवीत घालूनच. आणि दिरांचा नातू, जो इथेच हमरापूरला असतो आणि गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो, तो संध्याकाळी हातपाय धुऊन थेट आमच्याकडे हजर.

खेळाचं नाव सुपर स्मॅश ब्रदर्स. जपानच्या निनटेंडो कंपनीचा. पहिला १९९९ साली आला, आमच्याकडे चालू आहे तो २०१८ सालचा, अल्टिमेट नावाचा. मारामारीचाच खेळ, पण गंमत अशी की यात कोणी मार खाऊन मरत नाही. मार बसला की अंगावरचा टक्क्यांचा आकडा वाढतो, आणि आकडा जितका मोठा तितका पुढचा फटका बसल्यावर माणूस लांब उडतो. पडद्याच्या बाहेर उडाला की संपला. म्हणजे सगळी लढाई पाय कुठे टेकतो याची! हे कळल्यावर मी विणकाम बाजूला ठेवलं.

लढायच्या जागा शंभराहून जास्त आहेत. त्यातली नॉरफेअर म्हणजे जमिनीखालचा लाव्हाचा प्रदेश. १९८६ सालच्या मेट्रॉइड नावाच्या जुन्या खेळातून ती इथे आणली आहे. (त्या खेळाची एक गोष्ट नातीने मोठ्या अभिमानाने सांगितली. अंगभर चिलखत घातलेला जो वीर खेळभर आपण चालवतो, तो शेवटी शिरस्त्राण काढतो तेव्हा बाई निघते. नात तीच घेऊन खेळते, हे सांगायला नकोच.) नॉरफेअरला सलग जमीन अशी नाहीच. वरखाली टांगलेल्या थोड्या फळ्या, तेवढाच आधार. कधी लाव्हा खालून चढतो आणि खालच्या फळ्या गिळतो. कधी डावीकडून भिंतीसारखा येतो, कधी उजवीकडून. आणि अधूनमधून मागच्या बाजूने एक मोठी लाट उठून सगळा पडदा व्यापते. ती यायच्या आधी एका फळीवर डब्यासारखी एक कोठी येते. तिच्यात शिरलेला वाचतो, बाहेरचा भाजतो. आता एकमेकांचे वैरी एकाच कोठीत शिरणार आणि आतही गुद्दे मारत राहणार... भाऊबंदकी म्हणतात ती हीच!

माझ्या पिढीच्या वाचकांना एव्हाना आठवलं असेल. डोंगर-पाणी! राज्य असलेल्याने डोंगर मागितला तर पाण्यात उतरायचं, पाणी मागितलं तर डोंगरावर चढायचं, आणि चुकीच्या जागी सापडला तो बाद. शाळेत तासाला मास्तर आले नाहीत की ओटा आणि अंगण एवढ्यावर आम्ही मुलांना हा खेळ देत असू. शत्रू माणूस असतोच, पण पायाखालची जागाही शत्रू होऊ शकते, हे मुलांना त्यातूनच कळत असे. जपानी माणसांनी त्यात लाव्हा ओतला, इतकंच.

दोघांच्या खेळण्यातला फरक मला दुसऱ्याच दिवशी दिसला. नातीची बोटं चपळ, फटके नेमके. पण लाव्हा आला की ती चिडते. "आजी, हे फेअर नाही. मी जिंकत होते, मधेच हे आलं!" तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. स्पर्धा भरवतात तिथे असल्या जागा बाद ठरवतात, कारण मग कसब कुणाचं आणि नशीब कुणाचं हे कळत नाही. या नव्या खेळात तर एक बटणच आहे. ते बंद केलं की नॉरफेअरला लाव्हा येतच नाही, नुसत्या फळ्या उरतात.

आमचा हमरापूरकर मात्र बटण बंद करू देत नाही. नातीने दहा फटके मारले तरी त्याची नजर पडद्याच्या खालच्या कडेवर असते. लाव्हा हलला की तो आधीच वरच्या फळीवर, आणि तिथून ओरडतो, "आजे, पानी आयलं!" लाव्हाला पाणी म्हणतो तो! एकदा तर खाली पडता पडता त्याने मुद्दाम लाव्हावर आपटून घेतलं. अंगावरचे टक्के वाढले, पण लाव्हाने त्याला वर फेकलं आणि तो पुन्हा फळीवर आला. नात आ वासून बघत राहिली.

मला त्याचं नवल वाटलं नाही. कारखान्यातले गणपती तो अंगात आल्यापासून फळ्यांवर चढवत आला आहे. आमच्याकडे, जोह्याला, कळव्याला, तांबडशेतला, पावसाळा हा मूर्तींचाही हंगाम आणि पाण्याचाही. २६ जुलै २००५ला रायगडात पाऊस कोसळला तेव्हा तो अगदी तान्हा होता. त्या रात्री घरातल्या सगळ्या माणसांनी हातोहात मूर्ती वरच्या फळ्यांवर नेल्या होत्या. खालच्या ओळीतल्या कच्च्या मूर्तींचा सकाळी गारा झालेला होता. ही गोष्ट त्याने इतक्या वेळा ऐकली आहे की त्याला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

नातीने मला विचारलं, "स्टेज हॅझर्डला मराठीत काय म्हणायचं?" मी बराच विचार केला. धोका हा शब्द फार ढोबळ, संकट फार मोठं. शेवटी म्हटलं, आपल्या गावापुरता शब्द आहे, उधाण.

आता उधाण आणि लाव्हा यांत एक मोठा फरक आहे. नॉरफेअरचा लाव्हा पुढच्या खेपेला कुठून येईल ते कुणालाच ठाऊक नसतं. खाडी असा दगा देत नाही. दिवसाला दोन भरत्या, रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. किनाऱ्यावरच्या माणसांचं गणित तर त्याहून सोपं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आत खाडीला थोडा उशीर धरायचा. पेणच्या शाळेत भूगोल शिकवताना मी हे फळ्यावर मांडत असे. भूगोल माझा विषय नव्हता, पण मराठीच्या बाईंना काय काय शिकवावं लागतं ते शिक्षकांनाच ठाऊक.

मग नातीने विचारलं, "तुमच्याकडे उधाण बंद करायचं बटण नाही का?"

आहे की! तेच तिला बांधावर नेऊन दाखवलं. खाडीचं खारं पाणी बाहेर ठेवून मागच्या जमिनीत भात पिकवायचं, ही आपली खारभूमी. बांधात उघाड्या असतात. त्यांची दारं अशी बसवलेली की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की आपोआप मिटतात, आणि ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. वीज नाही, यंत्र नाही. पण हे बटण चिखलाचं आहे. दरवर्षी त्याला माती लागते, चिंबोऱ्यांची बिळं बुजवावी लागतात. पूर्वी गावकी हे करत असे. १९४८ साली खारजमिनींचा कायदा आला, १९७९ साली खारभूमी विकासाचा. तोवर गावातले तरुण नोकऱ्यांना आणि मूर्तींच्या कामाला लागले होते. त्यांनी तरी काय करावं? मूर्ती घर चालवते. सव्वा एकर भात चालवत नाही.

आमचंही सव्वा एकरच आहे, दिरांच्या आणि आमच्या नावावर. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. अर्ज केले, फोटो काढून नेले, माणसं येऊन मोजून गेली. खांड तेवढी रुंदावत गेली. पहिल्या वर्षी खांड बुजली असती तर दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालं असतं, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची खारं सोसणारी भाताची जात लावता आली असती. आता खाडीकडच्या निम्म्या भागात तिवरं माजली आहेत. आणि तिवरं तोडता येत नाहीत. उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली, २०१८च्या निकालात ती पक्की झाली. निकाल योग्यच आहे. तिवरं आहेत म्हणून लाटेचा जोर मोडतो, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. ती माझ्या शेतात उगवली म्हणून मत कसं बदलू?

चिरंजीवांचं मत, विकून टाकावं. एकाने भराव घालायला म्हणून किंमत सांगितली आहे. कागद आला आहे, त्यावर माझी सही बाकी आहे. भाऊजी म्हणतात, "वहिनी, वरचं निम्मं अजून वाचतं. मधे नवा बांध घालू, मी उभा राहतो." भाऊजी शहात्तरचे, गुडघे गेलेले. उभे राहणार म्हणजे खुर्चीवर. पण त्यांच्या नातवाने परवा खेळता खेळता, पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "आजे, मूर्ती नवरात्रापर्यंत संपतात. पुढं मी हाय ना." नंतर लगेच नातीच्या बाईला लाव्हात ढकललं, त्यामुळे ते वाक्य तिने ऐकलं की नाही कोण जाणे.

मी सही केलेली नाही. फोनवर चिरंजीवांना म्हटलं, आधी एकदा येऊन बघ. फोटोत खांड दिसते, पाणी कसं शिरतं ते दिसत नाही. येत्या अमावास्येला ये. नातीने लगेच हिशेब केला, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे खाडीला बारा धरू. बाबा म्हणाले, "बघतो." तिने त्यांच्या फोनवर तारीख टाकायला लावली आणि मग मला विचारलं, गमबूट आणायचे का?

म्हटलं, नको. ते चिखलात राहतात आणि माणूस पुढे जातो. अनवाणीच ये.